पालथा घडा

दुसऱ्याच्या नालायकीवर शिक्कामोर्तब करणाऱ्या ज्या म्हणी आपल्या भाषेत आहेत, त्यांत ‘पालथ्या घड्यावर पाणी’ या म्हणीइतकी सोयीची म्हण क्वचितच सापडेल. गुरुजींनी चारदा समजावून सांगूनही मुलास त्रैराशिक आले नाही, की मूल पालथा घडा ठरते. वडिलांनी मुलास, डॉक्टरांनी रोग्यास, पुढाऱ्याने खेडुतास काही हिताचे सांगितले आणि ते वाहून गेले, की सांगणारा ही म्हण उच्चारतो आणि हात झटकून मोकळा होतो. या म्हणीचा विशेष असा, की तिच्यात ओतणाऱ्याचे श्रम दिसतात, वाया गेलेले पाणी दिसते, घड्याचा दोषही दिसतो. परंतु तो घडा पालथा कोणी घातला आणि सुलटा करणे कोणाचे काम होते, हे प्रश्न तिच्यात उद्भवतच नाहीत. आम्हीही ही म्हण पुष्कळदा वापरली आहे, आणि वापरताना आपण काही अन्याय करीत आहो असे आम्हांस कधी वाटले नाही. अलीकडे मात्र ती ओठांवर आली की जीभ किंचित अडखळते. तिला अडखळविणारी गोष्ट नीतिशास्त्राच्या ग्रंथातील नसून पेशीविज्ञानातील आहे. ती वाचकांपुढे ठेवावी आणि तिच्या निमित्ताने एका जुन्याच प्रश्नाचा पुन्हा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रश्न असा: चांगली गोष्ट एखाद्याच्या ठायी रुजत नाही तेव्हा दोष कोणाचा, आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणास केव्हा प्राप्त होतो?

प्रथम पेशीची हकीकत सांगू. मनुष्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा जो धागा असतो तो उलगडून सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब भरेल. आणि ज्या केंद्रकात तो मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. एवढा धागा एवढ्या जागेत राहतो, कारण तो रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाच्या चार जातींच्या प्रथिनांचे प्रत्येकी दोन असे आठ रेणू मिळून एक रीळ होते आणि त्याभोवती धाग्याच्या १४७ जोड्या दीडाहून थोडे अधिक वेढे घेतात. या गुंडाळलेल्या रिळास न्यूक्लिओसोम म्हणतात आणि अशा असंख्य रिळांच्या माळेस क्रोमॅटिन. हिस्टोन हे नाव आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली दिले. रिळाची कल्पना रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ साली मांडली, आणि झुरिच येथे करोलिन लुगर, टिमथी रिचमंड व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली त्या रिळाचे अणूअणूपर्यंतचे चित्र जगापुढे ठेवले.

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत धागा एकच असतो. त्यावरील मजकूरही एकच असतो. फरक पडतो तो कोणता भाग उघडा आहे आणि कोणता मिटलेला आहे यामुळे. पोथी एकच; परंतु एका घरी तिचा एक अध्याय वाचला जातो, दुसऱ्या घरी दुसरा, आणि उरलेली पाने बासनात घट्ट बांधलेली असतात. तेव्हा ‘याच्यात ते मुळातच नाही’ हे वाक्य पेशीच्या बाबतीत बहुधा खोटे असते. मुळात सर्व काही असते. वाचले जात नाही, इतकेच.

आता कोणते पान वाचावयाचे हे ठरते कसे? रिळांतून हिस्टोनांची लवचिक टोके शेपटांसारखी बाहेर डोकावतात. त्यांवर काही विकरे लहान लहान रासायनिक खुणा करतात. कोठे ॲसिटिल गट चिकटवितात, कोठे मिथिल गट. विन्सेंट ऑलफ्री आणि त्यांचे सहकारी यांनी न्यूयॉर्क येथे १९६४ सालीच असे सुचविले होते, की या खुणांचा जनुकांच्या वाचनाशी संबंध असावा. पुढे १९९६ साली डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले, की यीस्टमध्ये जनुके चालू करणारे म्हणून आधीच ठाऊक असलेले एक प्रथिन ही ॲसिटिल खूण करणारे विकरच आहे. तेथून खुणांचा महिमा एकदम वाढला. २००० साली तर या खुणांची मिळून एक स्वतंत्र भाषाच आहे, असा विचार मांडला गेला. खूण केली की पान उघडते आणि खूण पुसली की मिटते, असा सोपा समज त्या वेळी अनेकांच्या मनात रुजला असल्यास नवल नाही.

परंतु खूण करणारे विकर रिळापर्यंत पोचते कसे, हा प्रश्न उरलाच होता. पोस्टात ठसा मारणाऱ्या कारकुनासमोर पत्र उघडे पडलेले असते, तसे हे काम नाही. विकराला रिळाच्या पृष्ठभागावर विशिष्ट जागी हात टेकावा लागतो, शेपटीचे टोक सापडावे लागते, आणि पुष्कळदा दोन रिळांच्या मधला मोकळा धागाही धरावा लागतो. रिळाच्या दर्शनी पृष्ठावर मिथिल खूण करणारे डॉट-१ नावाचे एक विकर आहे. त्याच्यापुढे सुटे हिस्टोन ठेवले तर ते काही करीत नाही. धागा गुंडाळलेले अखंड रीळ मिळाले तरच ते काम करते. यीस्टमधील ॲसिटिल खुणा पुसणाऱ्या एका विकरसमूहाविषयी २०१३ साली असे दिसून आले, की शेजारची दोन रिळे फारच जवळ आली की त्याचे काम मंदावते, आणि रिळे योग्य अंतरावर आणून ठेवणारी दुसरी यंत्रे त्याला मदत करतात.

ही दुसरी यंत्रे या गोष्टीतील खरी कष्टाळू पात्रे होत. ती स्वतः कोणतीही खूण करीत नाहीत. ती रीळ पुढेमागे सरकवितात, धागा सैल करतात, प्रसंगी रीळ उचलून बाजूस ठेवतात किंवा त्यातील एखादा हिस्टोन बदलून दुसरा बसवितात. या कामास क्रोमॅटिनची पुनर्रचना असे म्हणतात. रीळ धाग्यास घट्ट धरून असते, म्हणून ते हलविण्यास शक्ती लागते. पेशीचे जे रोकड नाणे, म्हणजे एटीपी, ते प्रत्येक वेळी मोजावे लागते. खूण करण्याचे काम त्या मानाने स्वस्त. जागा मोकळी करण्याचे काम महाग. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता आमच्या विषयाचा मर्मभाग आला. आधी काय: जागा की खूण? या प्रश्नाचे उत्तर देणारे दोन प्रयोग जवळजवळ एकाच सुमारास झाले आणि त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध निघाली. यीस्टमध्ये एचओ नावाचे एक जनुक आहे. १९९९ साली असे दाखविण्यात आले, की पेशीविभाजन संपत आले असता स्वि-५ नावाचे प्रथिन प्रथम त्या जनुकाजवळ येते आणि रिळे हलविणारे यंत्र बोलावून आणते. ते यंत्र आल्यानंतरच खूण करणारे विकर तेथे बसू शकते. रिळे हलविणारे यंत्र नसेल तर विकर येतच नाही. येथे क्रम स्पष्ट आहे. आधी जागा, मग खूण. त्यातही हृद्य गोष्ट अशी, की जे स्वि-५ हे सर्व घडवून आणते, ते फळ दिसण्यापूर्वीच तेथून नाहीसे होते. त्याने बोलाविलेली मंडळी मागे राहून काम तडीस नेतात.

दुसरा प्रयोग २००० सालचा. विषाणूची बाधा झाली असता मनुष्याच्या पेशीत इंटरफेरॉन-बीटा नावाचे जनुक जागे होते. तेथे क्रम उलटा आढळला. खूण करणारे विकर आधी येते, रिळावर ॲसिटिल खूण करते, आणि मागाहून रिळे हलविणारे यंत्र येऊन जागा सैल करते. आधी खूण, मग जागा. एवढ्यावरून कोणी म्हणेल की झाले, दोन्ही पक्ष सारखे. परंतु या दुसऱ्या प्रयोगात एक बारीक तपशील आहे. त्या जनुकाला लागून असलेला जो तुकडा प्रथम हाक ऐकतो, तेथे रीळ मुळी नसतेच. ती जागा आधीपासून मोकळी असते. त्या मोकळ्या ओट्यावर मंडळी जमतात आणि तेथून शेजारच्या बंद दारावर खूण करतात. म्हणजे जेथे खूण आधी येते असे वाटते, तेथेही कोठेतरी पाय टेकण्याइतकी जागा आधीच उघडी असावी लागते.

या विषयात आपल्या महाराष्ट्रातही महत्त्वाचे काम झाले आहे. सॅटबी-१ नावाचे एक प्रथिन आहे. ते थायमस ग्रंथीतील पेशींत धाग्याचे विशिष्ट भाग धरून ठेवते आणि त्या ठिकाणी रिळे हलविणारी यंत्रे व खुणा पुसणारी विकरे या दोहोंसही बोलावून घेते, असे अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झाले होते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. संजीव गलांडे व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली दाखविले, की या प्रथिनाच्या अंगावर एक विशिष्ट फॉस्फेट गट असला म्हणजे ते खूण पुसणाऱ्या विकरास जवळ करते, आणि तो गट नसला म्हणजे खूण करणाऱ्या विकरास. डॉ. गलांडे यांना २०१० साली भटनागर पारितोषिक मिळाले. यजमान एकच, परंतु त्याची अवस्था पालटली की त्याच्या घरी येणारे पाहुणे पालटतात. घरात पुसणाराही येऊ शकतो आणि लिहिणाराही. कोण यावा हे पोथीतील मजकुरावर ठरत नाही, यजमानाच्या त्या क्षणीच्या स्थितीवर ठरते.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. दृष्टान्त म्हणजे प्रमाण नव्हे, हे आमच्या नैयायिकांनी कधीच सांगून ठेवले आहे. पेशीत असे घडते म्हणून समाजातही असेच घडले पाहिजे, असे म्हणणे हा शुद्ध वाकडा तर्क होईल. रिळास इच्छा नसते, विकरास दया नसते, आणि मनुष्यास दोन्ही असतात. पेशीपासून आम्ही नीतीचा नियम उसना घेऊ इच्छीत नाही. फक्त एका सवयीच्या विचारातील चूक तिने आमच्या नजरेस आणून दिली, इतकेच. खूण उमटली नाही हे पाहून कागद वाईट असे म्हणण्याची आमची सवय होती. मध्ये आणखी एक प्रश्न असतो हे आम्ही विसरत होतो: शिक्का कागदापर्यंत पोचला होता का?

तो प्रश्न मनुष्यांच्या जगात कसा दिसतो हे पाहावयाचे, तर माणदेशाकडे वळावे. सातारा जिल्ह्याचा माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा मुलूख हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश. महाबळेश्वरास जो पाऊस कोसळतो, त्याचा अल्पसा अंशच या भागास मिळतो; वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही लहरीने. माणगंगा वर्षातील बहुतेक काळ वाळूचीच असते. खिल्लार बैल, मेंढरे, बाजरी आणि स्थलांतर या चार शब्दांत येथील जुना संसार सांगता येईल. येथील माणसांविषयी बाहेरच्यांनी काढलेले उद्गार आम्ही अनेकदा ऐकले आहेत: चिवट आहेत, पण मागासलेले, काटक आहेत, पण सुधारणा अंगी लागत नाही. पालथ्या घड्याची म्हण सबंध तालुक्यास लावलेली पाहावयाची असेल, तर ती अशी.

या मुलखातील पावसाचेच पाहा. पाऊस थोडा ही गोष्ट खरी. परंतु जो पडे तोही मुरत नसे. उघड्या बोडक्या टेकड्यांच्या कठीण उतारावरून तो घटकाभरात ओढ्यास मिळे आणि ओढ्याबरोबर माती घेऊन निघून जाई. आकाशाने दिलेले पाणी आणि जमिनीने न घेतलेले पाणी, या दोहोंचा हिशेब मांडला तर दोष आकाशाचा की जमिनीचा? शहाण्या माणसाने हा वाद घालीत न बसता कुदळ हातात घ्यावी. माण तालुक्यातील टाकेवाडीच्या लोकांनी हेच केले. उतारावर समपातळीत चर खणले, बांध घातले, माती अडविली. आणि २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत महाराष्ट्रातील पहिले बक्षीस या गावास मिळाले. खणणाऱ्यांनी आभाळातून एक थेंबही अधिक आणला नाही. त्यांनी फक्त आलेल्या थेंबास उतरावयास जागा करून दिली. आणि ती जागा फुकट झाली नाही; उन्हाळ्याच्या उन्हात गावाने आपल्या घामाचे नाणे त्यासाठी मोजले.

दुसरे उदाहरण म्हसवडचे आहे, आणि ते आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. गरिबांनी काटकसर करावी, पैसा शिलकीस टाकावा, व्यसनात उडवू नये, हा उपदेश मध्यमवर्गाने गरिबांस पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. आता हकीकत ऐका. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून लोहारकाम करणारी एक बाई होती. तिला पावसाळ्यापूर्वी पालावर घालण्यास ताडपत्री घ्यावयाची होती आणि त्यासाठी रोजच्या मिळकतीतून थोडे थोडे शिलकीस टाकावयाचे होते. बँकांनी तिला खाते उघडू दिले नाही. रक्कम फारच लहान होती. उपदेश तिला ऐकू आला होता, पटला होता, आणि तो आचरण्यासाठी ती पैसे पदरात बांधून दारात उभी होती. दार बंद होते. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र एवढेच दिसले असते, की या लोकांच्या हाती पैसा टिकत नाही.

या बाईच्या अडचणीतून म्हसवड येथे स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचा विचार श्रीमती चेतना सिन्हा यांच्या मनात आला. परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. सभासद होऊ घातलेल्या बायका निरक्षर होत्या, हे त्याचे कारण. श्रीमती सिन्हा खिन्न होऊन परतल्या, तेव्हा त्या बायकांनीच म्हटले की मग आम्ही शिकतो. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांस म्हणाल्या की कोणत्याही मुद्दलाचे व्याज आम्हांस विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या कारकुनांनाही गणकयंत्र न घेता सांगू द्या, पाहू कोण लवकर सांगते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मोलमजुरी बुडवून बँकेत येणे बायकांस परवडत नाही असे दिसल्यावर बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. शिलकीची बुद्धी त्या बायकांत कोणी घातली नाही. व्याजाचा तोंडी हिशेब करणारी बुद्धी त्यांच्या ठिकाणी होतीच. मिटलेल्या पानावर होती.

या ठिकाणी एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. वाचक म्हणतील, की असे सर्व खापर परिस्थितीवर फोडू लागलो तर माणसाची जबाबदारी ती कोणती उरली? आळशी विद्यार्थी म्हणेल, माझी जागा मोकळी केली गेली नाही. दारुडा म्हणेल, माझे रीळ कोणी सरकविले नाही. दैववादाचे जुने भूत विज्ञानाचा अंगरखा घालून पुन्हा आपल्या घरात शिरेल. हा धोका खरा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. परंतु म्हसवडच्या त्या बायकांकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यांनी दार उघडण्याची वाट पाहत बसणे पत्करले नाही. त्या आधी शिकल्या. बंद दारावर आधी आपली खूण उमटविली आणि मग दार उघडले. हा इंटरफेरॉनचा क्रम झाला. तथापि तेथेही पाय टेकण्यास एक मोकळा ओटा होता हे विसरून चालणार नाही. त्यांच्या वतीने अर्ज लिहिणारी, नकार आल्यावर त्यांच्यापाशी परत येणारी आणि त्यांच्या ‘आम्ही शिकतो’ या शब्दावर विश्वास ठेवणारी एक व्यक्ती तेथे होती. जिच्या शेजारी असा हातभर मोकळा ओटाही नाही, अशा बाईने तेच धैर्य का दाखविले नाही म्हणून तिला दोष देणे, हे त्या धैर्यवान बायकांच्या नावाने दुसरीवर केलेले अत्याचार होय.

म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही. तिचा क्रम मात्र लागतो. ज्याच्या हाती घडा सुलटा करण्याची शक्ती आहे, त्याने घड्याविषयीचा निकाल सर्वांत शेवटी द्यावा. जागा मोकळी झाली, पाणी खरोखर आत पोचले, तरीही घडा भरला नाही, तर मग गळका घडा म्हणण्याचा अधिकार त्यास येतो. त्यापूर्वी नाही. स्वतःविषयी बोलताना मात्र हाच क्रम उलटा लावावा, असे आम्हांस वाटते. दुसऱ्याच्या अपयशात आधी बंद दार शोधावे आणि आपल्या अपयशात आधी आपली न झालेली खटपट शोधावी. आपण बहुधा याच्या नेमके उलट करतो. आपल्या मुलाचे गुण कमी पडले की शाळा वाईट असते, आणि मोलकरणीच्या मुलाचे कमी पडले की ‘त्यांच्यात नसतेच ते’ असे म्हणतो.

आता महाग आणि स्वस्त यांची ती गोष्ट. उपदेश करणे, योजना जाहीर करणे, बक्षीस देणे, पाटी लावणे ही खुणा करण्याची कामे आहेत. ती आवश्यक आहेत. खुणांवाचून पान वाचले जात नाही. परंतु ती स्वस्त असतात आणि डोळ्यांत भरतात, म्हणून कीर्ती त्यांच्या वाट्यास येते. मुलास उपाशीपोटी शाळेत बसावे लागू नये, मुलीस दोन मैलांवरून पाणी आणावे लागू नये, बाईस खाते उघडण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागू नये, ही रिळे हलविण्याची कामे. ती महाग असतात, कंटाळवाणी असतात, आणि फळ दिसेपर्यंत ती करणारा बहुधा तेथून निघून गेलेला असतो. प्रत्येक खेड्याच्या इतिहासात असा एखादा स्वि-५ असतो. त्याचे नाव कोनशिलेवर नसते. एखादा बदली होऊन आलेला मास्तर, एखादी सुईण, एखादी निरक्षर आजी, जिने हट्टाने नातीस शाळेत धाडले. आपण कोनशिला वाचतो आणि पुढे जातो.

याहून गंभीर अशी एक गोष्ट पेशीत आढळते. मिथिल खूण करून जनुक मिटविणारे एक विकरसमूह आहे. पॉलिकोंब या नावाने ते प्रसिद्ध आहे. रिळे जितकी दाट, तितके त्याचे काम जोमाने चालते, असे २०१२ साली दिसून आले. म्हणजे जे आधीच मिटलेले आहे, त्यावर मिटण्याची खूण अधिक सहज उमटते, आणि मिटलेले अधिक मिटत जाते. पुन्हा सांगतो, हा दृष्टान्त आहे. परंतु तो वाचताना आमच्या डोळ्यांपुढे वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. तो गप्प असतो म्हणून त्यास प्रश्न विचारला जात नाही, विचारला जात नाही म्हणून त्यास उत्तर येत नाही, आणि उत्तर येत नाही म्हणून ‘ढ’ हा शिक्का त्याच्यावर इतरांहून अधिक सहज बसतो. शिक्का मारणाऱ्यास आपण अन्याय करीत आहो असे जाणवत नाही, कारण शिक्का अगदी सहज बसला. आणि जे सहज बसते ते खरेच असणार, असे मनुष्यास वाटते.

मग सर्वच उघडे करावे काय? नाही. पेशी याही बाबतीत सावधपणा शिकविते. रिळे हलविणाऱ्या एका प्रमुख यंत्रकुलाच्या जनुकांत बिघाड झालेला मनुष्याच्या सुमारे वीस टक्के कर्करोगांत आढळतो. काय उघडे असावे आणि काय मिटलेले, याचा तोल सुटला की पेशी आपले शील सोडते. यकृताच्या पेशीने मेंदूचा अध्याय मिटलेलाच ठेवला पाहिजे. त्यातच तिचे यकृतपण आहे. माणसालाही मिटलेपणाचा हक्क आहे. परोपकाराच्या उत्साहात दुसऱ्याचे घर, मन आणि चालीरीती सताड उघड्या करू पाहणारे सुधारक आपण पाहिले आहेत; आणि दार ठोठावणे व दार फोडणे यांतील भेद त्यांस कळत नाही, हेही पाहिले आहे. म्हसवडच्या बायकांस कोणी ओढून बँकेत नेले नाही. दार त्यांनीच मागितले होते.

शेवटी खुणांच्या कायमपणाविषयी दोन शब्द. हिस्टोनावर एकदा बसलेली मिथिल खूण पुसता येत नाही, असा समज दीर्घकाळ होता. २००४ साली ती पुसणारे पहिले विकर सापडले आणि तो समज गेला. खुणा टिकतात हे खरे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या डीएनएवरील एका ठिकाणच्या मिथिल खुणांत सहा दशकांनंतरही फरक आढळला, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. माणदेशासारख्या वारंवार दुष्काळ सोसलेल्या मुलखातील वाचकांस हे वाचून शंका येणे स्वाभाविक आहे, की आमच्या आज्यापणज्यांची उपासमार आमच्यावरही लिहिली गेली आहे की काय. एका उपासमारीच्या अभ्यासावरून साऱ्या मुलखाचे प्राक्तन सांगू नये, हे बरे. परंतु जे टिकते ते पुसता येत नाही असे मात्र नाही, आणि पुसता येत नाही असे म्हणणाऱ्यांस २००४ सालची आठवण द्यावी.

लेखाच्या आरंभीच्या घड्याकडे परत येऊ. माणदेशात काय किंवा अन्यत्र काय, ज्या घरी पाणी जपून वापरतात त्या घरी रिकामा घडा पालथाच घालून ठेवतात. धूळ जाऊ नये, किडामुंगी शिरू नये, पाणी येईल तेव्हा तो स्वच्छ असावा, म्हणून. पालथेपणा हा त्या घड्याचा दोष नसतो. ती त्याची वाट पाहण्याची रीत असते. घरधनीण पाणी घेऊन येते तेव्हा ती प्रथम डोईवरची घागर खाली ठेवते, वाकते, घडा दोन्ही हातांनी उचलून सुलटा करते, आतून एकदा विसळते, आणि मग ओतू लागते. पालथ्या घड्यावर पाणी ओतणारी गृहिणी आम्ही अद्याप पाहिली नाही. ती मूर्खपणाची कल्पना म्हण करणाऱ्यास सुचली, आणि दोष मात्र त्याने घड्यास दिला.